अलाबामाकर पहिल्या रांगेत

आमच्या सरावाच्या जुन्या जागेसमोर एक जर्मन आजोबा राहायचे. कायझर्सलाउटर्नमध्ये हे ढोल ज्याने आणले त्याला गावाबाहेर काढलं पाहिजे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. त्यांची इच्छा अर्धी पूर्ण झाली. मी राहिलो, ढोल बाहेर गेले. दुपारच्या रूहेत्साइटमध्ये, म्हणजे जर्मन माणसाच्या हक्काच्या शांततेच्या वेळात, आम्ही चौदा ढोल बडवले तेव्हा ऑर्डनुंग्सआम्टचे, म्हणजे नगरपालिकेच्या शिस्तखात्याचे, दोन अधिकारी आले, आमचा एक ठेका त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि मग हातात पत्र ठेवलं. तेव्हापासून दर शनिवारी तीन वाजता आम्ही शहराच्या टोकाला, टायरच्या गोदामामागच्या पार्किंगमध्ये वाजवतो. तिथे कावळ्यांशिवाय कुणाचीच तक्रार नसते.

पथक ताईने आणि मी मिळून काढलं. ताई म्हणजे सख्खी नव्हे. पुण्याची, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत बारा वर्षं काढलेली, आणि सहा वर्षांपूर्वी मी थंडीने गारठून इथे उतरलो तेव्हापासून मला दर गुरुवारी डबा देणारी. मी साताऱ्याचा, विद्यापीठात डॉक्टरेट करतो, म्हणजे तिशी ओलांडूनही कागदोपत्री विद्यार्थी. ढोल ताईच्या तळघरात राहतात. ताशा माझा. ताशावाला ठेका देतो, आणि जो ठेका देतो तोच पथकाचा प्रमुख, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

परीक्षा आल्या की पथकातली मराठी विद्यार्थी मुलं गळायची. पण या गावाशेजारी अमेरिकन सैन्याचा मोठा तळ आहे. इथल्या बेकरीतली बाईसुद्धा सुटे पैसे इंग्रजीत परत देते. ढोलाचा आवाज ऐकून त्यातले काही अमेरिकन पार्किंगपर्यंत आले आणि त्यांच्यातले तिघे टिकले. मी सवयीने प्रत्येकाला पहिलाच प्रश्न विचारला, ‘मूळचे कुठले?’ उत्तर मिळताच बारसं झालं. एक टेक्सासकर, एक ओरेगॉनकर आणि एक अलाबामाकर. त्यांची खरी नावं पथकात कुणीच वापरली नाहीत आणि इथे मीही वापरणार नाही.

आता ही आपली जुनी खोड आहे. माणूस कुठला ते कळलं की अर्धा माणूस कळला, असं आपण धरून चालतो. कोल्हापूरचा म्हणजे तिखट खाणार, पुण्याचा म्हणजे चूक काढणार. तोच हिशेब मी अमेरिकेला लावला. माझ्या डोक्यात तिचा एक नकाशा तयार होता. वरची आणि किनाऱ्यावरची माणसं पुढारलेली, खालची मागासलेली. काळ्या-गोऱ्यांचा प्रश्न असो की गे असण्याचा, दोन्हीला तोच एक नकाशा पुरेल अशी माझी खात्री होती. मी एकदाही अमेरिकेला गेलेलो नाही, हे इथे सांगून टाकतो.

ओरेगॉनकर गोरा, सत्तावीस वर्षांचा, तळावरच्या शाळेत शिक्षक. त्याच्या पाण्याच्या बाटलीवर इंद्रधनुष्याचा स्टिकर होता. टेक्सासकरही गोरा, गाड्यांचा मेकॅनिक, दरवाज्याएवढा माणूस. चौदाच्या चौदा ढोल तोच त्याच्या व्हॅनमधून आणायचा आणि वाजवण्याआधी मनातल्या मनात प्रार्थना करायचा. अलाबामाकर काळी, चाळिशीची, तळावरच्या दवाखान्यात नर्स. कॉलेजात असताना ती तिकडच्या मार्चिंग बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायची. पहिल्या दिवशी तिने ढोल कंबरेला बांधला, टिपरू हातात तोलून पाहिलं, माझा ठेका दोनदा ऐकला आणि तिसऱ्यांदा असा काही हाणला की ताईच्या हातातला चहा सांडला. मी आनंदाने अक्षरशः ओरडलो. आमच्यात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं, मीसुद्धा नाही.

आणि तरी मी तिला तिसऱ्या रांगेत उभं केलं. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

मी गे आहे. तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. साताऱ्याला आई एकटी असते, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, आणि रोज संध्याकाळी फोनवर मला माझ्या जेवणाचा तपशील विचारणारी. तिला सांगायचं म्हटलं की मी विषय भाजीवर न्यायचो. इथे दर उन्हाळ्यात शहरातून इंद्रधनुष्याच्या झेंड्यांची परेड निघते. जर्मन लोक तिला नुसतं सीएसडी म्हणतात. सलग पाच वर्षं मी ती फुटपाथवरून पाहिली, आणि पाचही वर्षं माझ्या हातात भाजीची पिशवी होती. कुणी ओळखीचं भेटलंच तर खरेदीला निघालोय म्हणायची सोय. पिशवीतून कांद्याची पात मुद्दाम बाहेर डोकावेल अशी मी ठेवायचो. इतका मी शहाणा.

सहाव्या वर्षी परेडवाल्यांचा मेल आला. तुमचं पथक आमच्यासोबत वाजवेल का? मी तो मेल प्रयोगशाळेत वाचला आणि खुर्चीतून उठून उभाच राहिलो. माझा ताशा, त्या रस्त्यावर! मग लगेच परत बसलो. पथकाला विचारावं लागणार होतं. नऊ दिवस मी त्या मेलवर बसून राहिलो आणि नकाशाप्रमाणे मतं मोजत राहिलो. ओरेगॉनकर नक्की हो म्हणेल. टेक्सासकर आणि अलाबामाकर, दोघं दक्षिणेतले आणि दोघं दर रविवारी चर्चला जाणारे, नक्की नाही म्हणतील. ताईचे सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आलेले होते, म्हणजे ताईही नाही.

तेव्हा सर्वांत सुरक्षित माणूस कोण? दहाव्या दिवशी कॉफी पिताना मी ओरेगॉनकराला सांगितलं. मेलचं सांगितलं, आणि सांगता सांगता माझंही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी माझ्याबद्दल मोठ्याने उच्चारला. त्याने मला मिठी मारली, त्याचे डोळे भरून आले. मी तरंगतच घरी गेलो. इतकं सोपं असतं होय, असं मनाशी म्हणत गेलो.

शनिवारी पार्किंगमध्ये सगळे जमले होते. ताई ढोल उतरवून घेत होती, तिच्या सासूबाई घडीच्या खुर्चीवर बसून चिवड्याचा डबा सांभाळत होत्या. ओरेगॉनकराने टाळ्या वाजवून सगळ्यांना गोल उभं केलं. चेहरा आनंदाने नुसता फुललेला. ‘आपल्याला परेडचं आमंत्रण आलंय,’ तो म्हणाला, ‘आणि आपण जायलाच हवं, कारण आपला प्रमुख स्वतः गे आहे. त्याच्या संस्कृतीतून येऊन हे सांगायला किती धैर्य लागलं असेल! मला त्याचा अभिमान वाटतो.’ आणि तो टाळ्या वाजवू लागला. एकटाच.

माझी बातमी त्याने पेढ्यासारखी वाटून टाकली होती. मी ताईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हातातला ढोल तिने पुन्हा व्हॅनमध्ये ठेवला आणि म्हणाली, ‘अहो आई, चला, तुमच्या गोळीची वेळ झाली.’ सासूबाई आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत उठल्या. ताईची गाडी गेली. आमचे विद्यार्थीही बूट पाहत एकेक करून निघाले.

टेक्सासकर थांबला. तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. ‘तू चांगला माणूस आहेस,’ तो म्हणाला, ‘पण माझी श्रद्धा मला त्या परेडमध्ये जाऊ देत नाही, आणि जाणाऱ्या पथकातही राहू देत नाही.’ ढोल त्याने नेहमीप्रमाणे ताईकडे पोचवले. चार दिवसांनी माझ्या टपालपेटीवर त्याचा कुर्ता ठेवलेला मिळाला, धुऊन, कडक इस्त्री करून. तो पुन्हा आला नाही. मला त्याचा राग यायला हवा होता आणि थोडा आलाही, पण ती इस्त्री पाहून जास्त वाईट वाटलं.

म्हणजे टेक्सासकराबाबत माझा नकाशा बरोबर निघाला. तेवढ्याबाबतच.

पार्किंगमध्ये अलाबामाकर आणि मी उरलो. ती टायरच्या ढिगावर बसली आणि शेजारच्या टायरवर तिने हात थोपटला. मी बसलो.

‘हे त्याने सांगायचं नव्हतं,’ ती म्हणाली. ‘तुझं होतं ते.’

‘त्याला वाटलं, ही आनंदाची बातमी आहे.’

‘तिकडे ती आनंदाचीच असते. म्हणून तर त्यांना कळत नाही.’ मग तिने मला विचारलं, ‘मी त्याच्याच राज्यात तीन वर्षं नोकरी केली, ठाऊक आहे तुला? फार गोड माणसं. अंगणाअंगणात पाट्या, इथे सगळ्यांचं स्वागत आहे म्हणून. तीन वर्षांत मला एकानेही जेवायला घरी बोलावलं नाही. अख्ख्या ऑफिसात मी एकटी काळी, आणि वंशद्वेष किती वाईट असतो ते सगळे मलाच समजावून सांगायचे.’

मला हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली. तीही हसली.

‘आणि आमच्या गावात,’ ती म्हणाली, ‘शेजारचा गोरा म्हातारा माझ्या आजीला जे बोलायचा ते मी तुला सांगणारही नाही. पण वादळात आमचं छप्पर उडालं तेव्हा शिडी घेऊन सगळ्यांत आधी तोच आला. मी त्याला माफ केलेलं नाही, हे नीट ऐक. पण त्याचं स्वयंपाकघर मला आतून माहीत आहे, त्याला आमचं. ओरेगॉनमध्ये मला एकही स्वयंपाकघर माहीत नाही.’

मी विचारलं, ‘आणि माझ्यासारख्यांचं काय? तुमच्या गावात?’

‘आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे एक काका होते. एका मित्रासोबत एका घरात चाळीस वर्षं राहिले. सगळ्यांना सगळं माहीत होतं. नाताळाचा केक दोघांत एक जायचा, दोघांची नावं घालून. पण तो शब्द कुणी उच्चारला असता ना, तर पुढच्या रविवारी ऑर्गनवर दुसरा माणूस दिसला असता.’

हे तर साताऱ्यासारखंच झालं, मी म्हणालो. आमच्या गल्लीतही असं एक घर होतं.

‘मग तो मित्र वारला,’ ती पुढे म्हणाली. ‘अंत्यविधीला पहिल्या रांगेत त्याची बहीण, भाचे, कधी न फिरकलेले चुलत भाऊ. आणि काकांना पाचव्या रांगेत बसवलं. मी बारा वर्षांची होते. मला रांगा मोजायची सवय तेव्हा लागली.’ ती माझ्याकडे वळली. ‘तू मला कितव्या रांगेत ठेवलंस?’

‘तिसऱ्या.’

‘का?’

‘तुझी उंची...’

‘ओरेगॉनकर माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. खरं सांग.’

मी तिला खरं सांगितलं. पथकाचा पहिला फोटो मी आईला पाठवला होता. त्यात ओरेगॉनकर योगायोगाने पुढे होता. आईने तो सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, ‘बघा, गोरे लोकसुद्धा आपला ढोल वाजवतात!’ आणि पन्नास अंगठे आले. त्यानंतर मी त्याला पुढेच ठेवत गेलो. फोटोत छान दिसतं म्हणून. त्याला धड ठेका धरता येत नव्हता तरी. आणि पथकातला सर्वांत मोठा हात मागे, फोटोत न येणारा. हे रोज आरशात स्वतःला पुढारलेला समजणाऱ्या माणसाने केलं होतं. सांगताना माझे कान तापले.

ती रागावली. आवाज न चढवता रागावली. ‘अलाबामात निदान हे तोंडावर करतात,’ एवढं म्हणाली. मग उठून टायरची धूळ लागलेले हात झटकले. ‘परेडचं मला आत्ता विचारू नकोस. माझ्या चर्चमध्ये मला हे शिकवलेलं नाही, आणि मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मला वेळ दे.’

‘आणि माझ्यावरून सगळ्या अलाबामाचा अंदाज बांधू नकोस,’ जाता जाता ती म्हणाली. ‘आमच्या गावापासून तासाभरावरचं शहर म्हणजे दुसरा देश आहे.’

ताईचा फोन नाही, मेसेज नाही. गुरुवारपर्यंत मी अर्धमेला झालो होतो. ताईचं दार बंद झालं तर या देशात माझं कोण उरतं, हा हिशेब मी दिवसातून दहा वेळा करत होतो. गुरुवारी दुपारी ती विद्यापीठाच्या कँटीनमध्ये उगवली. डबा टेबलावर आपटला.

‘मला भयंकर राग आलाय,’ ती म्हणाली.

‘माहीत आहे गं ताई.’

‘काय माहीत आहे? काही माहीत नाही तुला. तीन महिन्यांची ओळख त्या ओरेगॉनकराची. त्याला आधी सांगितलंस. आणि मी? सहा वर्षं डबा देते मी!’

मी म्हणालो, ‘मला वाटलं, तू पुण्याची...’

‘आल्झो!’ रागावली की तिच्या तोंडी जर्मन येतं. ‘पुण्याची म्हणून काय?’ मग तिचा आवाज उतरला. ‘खरं सांगू? शनिवारी मला शॉक बसला. चांगलं नाही वाटलं. गाडीत मी रडले पण. दोन दिवस स्वतःशीच भांडत होते. शेवटी लेकीला विचारलं, तर ती जर्मनमध्ये म्हणाली, आई, मला वाटलं तुला माहीत आहे. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीला कळतं आणि मला नाही!’

‘आणि सासूबाई?’

‘अहो आई एवढंच म्हणाल्या की, त्याचा डबा चुकवू नकोस. बाकी काही बोलल्या नाहीत, बोलणारही नाहीत. जास्त अपेक्षा ठेवू नकोस.’ तिने डब्याचं झाकण उघडलं. ‘खा. भरली वांगी आहेत. आणि परेडला किती वाजता पोचायचंय?’

मी कँटीनमध्ये सगळ्यांदेखत ताईच्या पाया पडलो. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन प्राध्यापकांना वाटलं माझं काहीतरी खाली पडलंय, तेही शोधायला वाकले.

ओरेगॉनकराने माझी माफी मागितली, इतक्यांदा मागितली की शेवटी मलाच त्याची समजूत काढावी लागली. आता कुणाची गोष्ट कुणी सांगायची ते त्याला कळलंय. आपणहून तो तिसऱ्या रांगेत गेला. गेल्याचं त्याने चार जणांना सांगितलं, पण गेला.

अलाबामाकर मात्र तीन शनिवार आली नाही.

परेडच्या दिवशी सकाळी अकराला आम्ही स्टेशनजवळ जमलो. सतरा माणसं, पांढरे कुर्ते, केशरी फेटे. विद्यार्थीही दोन सोडून सगळे आले होते. माझ्या हातात त्या वर्षी पिशवी नव्हती, ताशा होता, आणि पहिलाच ठेका चुकेल अशी भीती वाटत होती. पहिल्या रांगेत मधली जागा मी रिकामी ठेवली होती. ताई म्हणाली, भरून टाक रे, फोटोत भोक दिसेल. मी म्हणालो, दिसू दे.

निघायला पाच मिनिटं असताना ती रस्ता ओलांडून आली. कुर्ता घातलेला, फेटा मात्र हातात, कारण तो बांधणं तिला कधीच जमलं नव्हतं. मी तो तिच्या डोक्यावर बांधू लागलो.

‘माझं अजून सगळं ठरलेलं नाही,’ ती समोर बघत म्हणाली. ‘कदाचित ठरणारही नाही. पण तुला मी पाचव्या रांगेत बसू देणार नाही.’ मग मान वळवली. ‘आणि मी तिसऱ्या रांगेत उभी राहणार नाही.’

‘मधे,’ मी म्हणालो. ‘पहिल्या रांगेत मधे.’

मी ताशावर पहिली काडी टाकली आणि मग काय सांगू! दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज उलटून आमच्याच अंगावर येत होता. अलाबामाकर तिच्या कॉलेजच्या बँडसारखे गुडघे उंच उचलत चालू लागली, आणि तिचं पाहून तिच्या मागच्या तिन्ही रांगा तशाच चालू लागल्या. साताऱ्यात किंवा पुण्यात असं कुणी चालत नाही, आणि अलाबामात हा ठेका कुणी ऐकलेला नाही. बाल्कनीतले जर्मन चुकीच्या मात्रेवर टाळ्या देत होते. ताई टोल वाजवत गात होती की ओरडत होती, कळत नव्हतं. मी हसत होतो. गाल दुखेपर्यंत, थांबवूनही न थांबणारं हसू. ज्या कोपऱ्यावर मी पाच वर्षं पिशवी धरून उभा राहिलो होतो तिथे पोचल्यावर मी ठेका दुप्पट केला, आणि अलाबामाकरने पाऊल न चुकवता तो उचलला.

साडेतीनला सगळं संपलं. आम्ही फुटपाथवर बसून बाटल्याच्या बाटल्या पाणी प्यायलो. ताईच्या लेकीने काढलेला फोटो फोनवर आला. मधे अलाबामाकर, टिपरू हवेत. तिच्या पुढ्यात मी, तोंड उघडं, दात दिसतायत. आणि मागे, वर, सगळीकडे झेंडे. झेंडे कापून काढायला जागाच नव्हती. तो फोटो मी तसाच आईला पाठवला.

साताऱ्यात संध्याकाळचे सात. आईचं उत्तर लगेच आलं. ‘पुढची बाई कोण रे? ढोल काय धरलाय तिने!’ मग, ‘तो गोरा कुठे गेला?’ मग बराच वेळ नुसतीच टाइप करत असल्याची खूण. शेवटी तिसरा मेसेज आला.

‘तू इतका कशाने हसतोयस? असं हसताना मी तुला कधी पाहिलं नाही.’

मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. अलाबामाकर शेजारून पाहत होती. तिला मराठी वाचता येत नाही, पण पुसणं कुणालाही कळतं.

‘लिहू नकोस,’ ती म्हणाली. ‘बोल.’

मी फोन लावला. आईने पहिल्याच रिंगला उचलला आणि म्हणाली, ‘हं, सांग.’